नाऱ्याला बोलू द्या: अडचणीच्या काळात वाईटात वाईटाचा हिशेब कसा मांडायचा

सांगलीत हरभट रस्त्याला लागून असलेल्या एका गल्लीत आमचं कापडाचं दुकान. मागच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटची एक रेघ होती. २००५ च्या पुरात पाणी जिथवर चढलं, तिथे वडिलांनी ती स्वतः मारलेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा फुगायला लागली तेव्हा दोन गड्यांना हाताशी घेऊन त्यांनी सगळा माल रेघेच्या हातभर वर चढवला आणि शटर ओढून घरी आले. त्या वेळी पाणी रेघेच्या तीन फुटांहून जास्त वर गेलं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पातळी २००५ साली ५४ फुटांच्या आसपास थांबली होती, २०१९ साली ती ५७ फुटांच्या पुढे गेली. पूर ओसरल्यावर दुकान उघडलं तर इरकलीचे गठ्ठे भिजून, फुगून मांडणीच्या खणांत इतके घट्ट बसले होते की काढायला पहार लागली.

वडिलांनी वाईटाचा विचार केलाच नव्हता, असं कुणी म्हणू शकणार नाही. केला होता, पण जेवढं वाईट डोळ्यांनी पाहिलं होतं तेवढाच. गेली काही वर्षं मी घरातला कुठलाही मोठा निर्णय घेताना, आणि कुणी विचारलं तर त्यांच्याही निर्णयात, हाच विचार कागदावर नीट मांडून करतो. तो कसा करायचा, ते इथे सांगतो.

आधी नाऱ्याबद्दल

आपल्याकडे अडचण अशी की वाईट बोलायचंच नसतं. "शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली," ही म्हण नाऱ्याला मूर्ख ठरवते. तिन्हीसांजेला वाईट बोललं तर वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो, असं आजी सांगायची. त्यामुळे घरात कर्ज, आजारपण, नोकरी जाणं यांवर बोलणं निघालं की कुणीतरी "कशाला ते अभद्र" म्हणतं आणि विषय चहावर जातो. पण मांडवाला खरंच आग लागली असेल, तर नाऱ्या हा त्या लग्नातला सगळ्यात कामाचा माणूस आहे, एवढं म्हण रचणाऱ्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

दुसऱ्या बाजूला "मन चिंती ते वैरी न चिंती" हेही खरंच. रात्री दोनला जाग येते आणि नोकरी, घर, मुलांची शिक्षणं सगळं एकामागून एक कोसळताना दिसतं. ही काळजी. हिशेब वेगळा असतो. काळजीला आकडा नसतो, तारीख नसते, शेवट नसतो. हिशेबाला तिन्ही असतात. म्हणून पहिला नियम: हे काम दिवसा, जेवण झाल्यावर, कागद-पेन घेऊन करायचं. अंथरुणात पडून मुळीच नाही. नुकतंच घरात कुणी गेलं असेल, किंवा झोप उडाली आहे, छातीत धडधड होते, वाईट विचार थांबतच नाहीत अशी अवस्था असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांशी बोला. सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते, मराठीतही बोलता येतं.

पायरी १: निर्णय एका वाक्यात

"पुढे काय होईल?" हा प्रश्न कागदावर चालत नाही. "हे करू की नको, आणि कधीपर्यंत ठरवायचं?" हा चालतो. "आयटीचं काही खरं नाही" ही नुसती कुरकुर झाली. "३१ जानेवारीपर्यंत तीन बेडरूमचा फ्लॅट बुक करायचा की नाही?" हा निर्णय. वाक्य एका ओळीत बसत नसेल तर बहुधा दोन निर्णय एकमेकांत अडकलेले असतात. ते वेगळे करा.

हे फ्लॅटचं उदाहरण खरं आहे. पुण्यातला माझा एक मित्र, वय ४२, आयटी कंपनीत. घरी बायको, दोन मुलं आणि आई. कंपनीत माणसं कमी करायची कुजबुज चालू, आणि तेव्हाच एका बिल्डरची ऑफर आलेली. त्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. आकडे थोडे बदलून तेच उदाहरण शेवटपर्यंत वापरतो.

पायरी २: "होईल" काढा, "झालं" लिहा

या पद्धतीची सगळी करामत या एका क्रियापदात आहे. गॅरी क्लाइन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आगीचे बंब घेऊन जाणारे जवान ऐन प्रसंगी निर्णय कसे घेतात, याचा पुष्कळ अभ्यास केला होता. २००७ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये त्याने कामं सुरू होण्याआधी वापरायची एक युक्ती मांडली आणि तिला प्री-मॉर्टेम म्हटलं. मेल्यानंतर करतात ते पोस्टमॉर्टेम, हे जन्माआधीच. "काय चुकू शकेल?" असं लोकांना विचारलं तर ते सभ्यपणे दोन-चार गोष्टी सांगतात. त्याऐवजी त्यांना सांगायचं: वर्ष उलटलंय, काम साफ फसलंय, आता का फसलं ते लिहा.

मराठीत हा फरक जिभेला लगेच कळतो. "नोकरी जाईल का?" म्हटलं की समोरचा "छे, काहीतरीच" म्हणतो. "नोकरी गेली. का गेली, आणि मग काय झालं?" म्हटलं की तोच माणूस गोष्ट सांगायला लागतो.

करायचं असं. घरातल्या प्रत्येकाला कागद द्या. दहा मिनिटं कुणी कुणाशी बोलायचं नाही. सुरुवातीची ओळ सगळ्यांची एकच: "पुढच्या वर्षीची दिवाळी आहे. आपण फ्लॅट घेतला आणि ती आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक ठरली. कारण..." मग वाचून दाखवायचं, आणि सगळ्यात लहान सभासदाने आधी. कर्त्या माणसाने शेवटी. हा क्रम उलटा केला तर सगळे कर्त्याच्या कागदाला माना डोलावतात आणि आपला कागद हळूच घडी करून खिशात घालतात. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

मित्राच्या आईंनी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे, दुधाच्या हिशेबाखाली, एकच ओळ लिहिली होती: "मी आजारी पडले." बाकीच्या कुणाच्याही कागदावर ती गोष्ट नव्हती.

पायरी ३: आकडा, तारीख, आणि रेघेच्या वर

आता सगळ्यांच्या कारणांतून एकच गोष्ट विणायची आणि तिला आकडे लावायचे. इथे घाई करू नका. बहुतेक लोक नेमके इथेच थकतात आणि "असो, बघू" म्हणतात.

मित्राचा जुना फ्लॅट विकून कर्ज फेडलं तर ४३ लाख हातात येत होते. नवा फ्लॅट मुद्रांक शुल्क, नोंदणी, फर्निचर धरून १ कोटी २३ लाखांचा. साठलेले १० लाख त्यात घालून उरलेलं कर्ज ७० लाखांचं. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी हप्ता सुमारे ६१ हजार. आताचा हप्ता २७ हजार.

वाईटात वाईट गोष्ट अशी लिहिली. मार्चमध्ये नोकरी जाते. नोटिशीचे दोन महिने संपल्यावर नऊ महिने दुसरी मिळत नाही. त्याच काळात आईंचं ऑपरेशन, खर्च ४ लाख. बायकोचा पगार ४८ हजार, तो चालू. घरखर्च ४५ हजार, शाळा १२ हजार.

नवा फ्लॅट घेतला असेल तर: महिन्याला ६१ अधिक ४५ अधिक १२, म्हणजे १ लाख १८ हजार. तूट ७० हजार. नऊ महिन्यांत ६ लाख ३० हजार, वर ऑपरेशन, एकूण १० लाख ३० हजार. शिल्लक शून्य, कारण साठलेलं सगळं फ्लॅटमध्ये गेलेलं. हप्ता नव्वद दिवस थकला की बँकेच्या दप्तरी कर्ज एनपीए, म्हणजे थकीत, होतं; त्यानंतर बँकेला तारण घर ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस येऊ शकते.

आहे त्याच घरात राहिले असतील तर: तूट ३६ हजार. नऊ महिन्यांत ३ लाख २४ हजार, ऑपरेशन धरून ७ लाख २४ हजार. शिल्लक १० लाख. ओढाताण होते, पण छप्पर जात नाही.

संकट तेच, महिने तेवढेच. एका घरात ते सोसून होतं, दुसऱ्यात नाही. "बाजार कसा राहील" यावर नवरा-बायको तीन महिने वाद घालत होते. हा हिशेब पाऊण तासात झाला.

दोन गोष्टी इथे हमखास सुटतात.

पहिली म्हणजे संकटं एकेकटी येतात हे आपण गृहीत धरतो. दुष्काळात तेरावा महिना ही म्हण आपलीच असूनही. नोकरी जाते तेव्हा कंपनीचा ग्रुप आरोग्यविमाही जातो. त्यात आई-वडिलांचं कव्हर असेल तर तेही. नवीन वैयक्तिक पॉलिसी घेतली तरी अपघात सोडून बाकी आजारांना साधारण पहिले तीस दिवस संरक्षण नसतं, आणि आधीपासूनच्या दुखण्यांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणजे "नोकरी गेली" आणि "आई आजारी पडली" या कागदावर दोन वेगळ्या ओळी दिसल्या तरी त्यांचा फटका एकत्रच बसतो. तसंच, ज्या पट्ट्यात सगळेच आयटीवाले राहतात तिथे कपात झाली की विकायला निघालेले फ्लॅटही एकदमच वाढतात. "वेळ पडली तर विकू" हे म्हणताना गिऱ्हाईक कोण, हेही लिहा.

दुसरी गोष्ट आमच्या निळ्या रेघेची. आतापर्यंतचं सगळ्यात वाईट हीच कमाल मर्यादा धरायची सवय. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर फुदाई नावाचं लहानसं गाव आहे. तिथले महापौर कोटोकू वामुरा यांनी १९३३ ची त्सुनामी पाहिली होती, मातीतून प्रेतं काढताना पाहिली होती. १८९६ ची त्याहून मोठी होती हे गावाच्या आठवणीत होतं. त्यांनी हट्टाने समुद्राचं पाणी अडवणारं साडेपंधरा मीटर उंचीचं दार बांधून घेतलं, १९८४ मध्ये ते पूर्ण झालं. एवढं उंच कशाला, पैसे वाया, म्हणून लोकांनी बोल लावले. ११ मार्च २०११ ला त्या किनाऱ्यावरची गावंच्या गावं वाहून गेली, आणि फुदाईची वस्ती त्या दारामागे जवळजवळ जशीच्या तशी राहिली. वामुरा १९९७ मध्येच वारले होते.

तेव्हा तुमची गोष्ट लिहून झाली की एकदा विचारा: ही आपल्या ओळखीत कुणावर आलेली वेळ आहे का? असेल, तर तिच्यात तीन फूट पाणी आणखी चढवा. सहा महिने लिहिले असतील तर नऊ करा.

पायरी ४: सोसण्यासारखं की नाही

आता शक्यता किती, हा प्रश्न येतो. त्याला थोडा वेळ दारातच उभा करा. आधी विचारा: हे झालं तर आपण पुन्हा उठू का?

पैसे गेले तर परत येतात. वर्ष वाया गेलं तर दुसरं असतं. "लोक काय म्हणतील" हे दोन गणपतींत विसरलं जातं. राहतं घर, जीव, तब्येत, दुसऱ्याच्या कर्जाला जामीन म्हणून केलेली सही आणि बुडवलेला शब्द मात्र परत मिळत नाहीत. वाईटात वाईट यांपैकी कशावर येऊन आदळत असेल, तर "शक्यता फक्त पाच टक्के आहे" हे वाक्य मला पटत नाही. आणि ते सोसण्यासारखं असेल, तर भीती कितीही वाटली तरी पुढे जायला हरकत नाही. म्हणूनच या हिशेबाने कित्येकदा माणूस धाडस करतो. माझ्या एका चुलत बहिणीने शाळेतली नोकरी सोडून क्लास काढला तो असाच. वाईटात वाईट काय, तर दीड लाख जातील आणि पुन्हा कुठल्यातरी शाळेत कमी पगारावर रुजू व्हावं लागेल. लिहिल्यावर ती हसायलाच लागली.

आणि आता, कृपा करून, दुसरा कागद घ्या. न करण्याचं वाईटात वाईटही लिहायचं. ही अर्धी पायरी वगळली तर ही पद्धत दर वेळी "नको"च म्हणेल, आणि घाबरट माणसाला तेवढंच हवं असतं. मित्राच्या घरी हा कागद लिहिताना गोष्ट फिरली. फ्लॅट घेतला नाही तर काय झालं? बायकोने लिहिलं: "आईंचे गुडघे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. पावसाळ्यात जिन्यात पडल्या." म्हणजे गरज तिसऱ्या बेडरूमची नव्हतीच, लिफ्टची होती. मग तिसरीच वाट निघाली: आपला फ्लॅट भाड्याने द्यायचा, त्याच भागात लिफ्ट असलेला भाड्याने घ्यायचा. फरक महिन्याला ९ हजार. बिल्डरच्या माहितीपत्रकात हा पर्याय अर्थातच नव्हता.

पायरी ५: आज होण्यासारखं काम

प्रत्येक कारणासमोर एक काम, एक नाव, एक तारीख. खर्चही लिहा. तीन-चार कामांच्या पुढे जाऊ नका, होत नाहीत.

बहुतेक मराठी घरांत निघणारी कामं सारखीच असतात, म्हणून भराभर सांगतो. नोकरी चालू असतानाच स्वतःची वेगळी आरोग्य पॉलिसी, म्हणजे वाट पाहण्याचा काळ आत्ताच सुरू होतो. एकाच बँकेत सगळे पैसे असतील तर विभागणी: ठेव विम्याचं संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल-व्याज मिळून ५ लाखांपर्यंत आहे, त्याआधी ते लाखभरच होतं. एकाच बँकेच्या दोन शाखा म्हणजे दोन बँका नव्हेत. सहकारी बँकांनाही हे संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं, आणि गावोगावी नेमकी हीच गफलत होते. नॉमिनी सगळीकडे लावलेला आहे का ते पाहा, आणि नॉमिनीच्या हाती पैसे येतात पण मालकी सहसा वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते, हेही घरात सांगून ठेवा.

शेतकरी घरातला निर्णय असेल तर कामं वेगळी, रीत तीच. मृगाच्या पहिल्या सरीवर पेरायचं की थांबायचं? वाईटात वाईट म्हणजे दुबार पेरणी: बियाणं, खत, मजुरी सगळं पुन्हा, आणि तेही उधारीवर. थांबण्याचं वाईटात वाईट म्हणजे हंगाम आठ-दहा दिवस लांबणं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दर वर्षी सांगतो ते याच हिशेबातून.

पायरी ६: खूण आधी ठरवा

संकट हळूहळू चढतं, आणि चढताना माणूस त्याच्याशी घासाघीस करतो. "अजून एक दिवस बघू." आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. या खुणा कोरड्या दिवसांत ठरलेल्या असतात, म्हणूनच त्यांचा उपयोग. तुमचीही खूण अशीच आधी ठरवा: आकड्यात, आणि दोघांच्या सहीने. मित्राने लिहिलं: "शिल्लक ५ लाखांच्या खाली गेली, किंवा नोकरी जाऊन चार महिने झाले, यांतलं जे आधी होईल तेव्हा गाडी विकायची आणि मिळेल त्या पगाराची नोकरी घ्यायची." त्या दिवशी चर्चा करायची नाही, फक्त कागद काढायचा.

पायरी ७: एक तालीम

पहिल्या शतकातला रोमन विचारवंत सेनेका आपल्या लुसिलियस या मित्राला पत्रं लिहीत असे. एका पत्रात तो सुचवतो की अधूनमधून काही दिवस अगदी स्वस्त अन्न खाऊन, जाडेभरडे कपडे घालून काढावेत आणि स्वतःला विचारावं, याचीच का भीती वाटत होती? सेनेका स्वतः गडगंज श्रीमंत होता, त्यामुळे उपदेश सोपा होता म्हणा. पण युक्ती चांगली आहे, आणि चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या घरांना ती अवघडही नाही.

मित्राच्या घराने एक महिना, हप्ता आणि शाळा सोडून, फक्त बायकोच्या पगारात काढला. त्याचा बाकीचा पगार दुसऱ्या खात्यात तसाच पडू दिला. बाराव्या दिवशी पहिली खरी अडचण आली, आणि ती किराण्याची नव्हती. तो दर महिन्याला गावी भावाला पाच हजार पाठवत होता. बायकोला माहीत नव्हतं. कुठल्याच कागदावर ते आलं नव्हतं. त्या रात्री त्यांच्याकडे भांडण झालं, पुढे दोन दिवस अबोला, आणि मग ती रक्कम घरखर्चात रीतसर लिहिली गेली.

पायरी ८: कागद बंद

सगळं झालं की तारीख टाकून कागद फाईलमध्ये ठेवा. सहा महिन्यांनी, किंवा काही मोठं बदललं तर, पुन्हा काढा. मधे मनात आलंच तर "ते लिहून ठेवलंय" एवढं स्वतःला सांगून पुरतं. मला तरी पुरतं.

आमच्या दुकानात आता भिंतीवर रेघ नाही, रंग देताना वडिलांनी ती पुसून टाकली. काउंटरच्या काचेखाली एक चिठ्ठी आहे: "आयर्विन ३५ फूट = टेम्पो." त्या आकड्याला माल कुपवाडच्या नातेवाइकांकडे हलतो, मग पाऊस उघडलेला असो की नसो. २०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा दुकान रिकामं होतं. नंतर एका वर्षी पाणी खुणेला लागलं, माल हलवला, आणि दोन दिवसांत नदी उतरली. शेजारचे दुकानदार वडिलांना हसले. टेम्पोचे जाता-येता साडेसात हजार आणि हमाली गेली. वडिलांनी संध्याकाळी चोपडी काढली, खर्चाच्या बाजूला रक्कम लिहिली आणि तपशिलात लिहिलं: "पूर, न आलेला."